हिरव्या खुणेचं दार

साइटवरच्या पत्र्याच्या खोलीत खुर्च्या मांडून आर्किटेक्टसाहेब नेहमीप्रमाणे एकटेच बसले होते. बांधायचं होतं एक छोटंसं पाळणाघर, पण ते बांधून घेणाऱ्या संस्थेच्या अटी मोठ्या होत्या. इमारत पर्यावरणाला धक्का न लावता उभी राहिली पाहिजे, आणि आर्किटेक्ट, इंजिनिअर, ठेकेदार, सुतार, प्लंबर अशा सगळ्यांनी दर आठवड्याला एका टेबलाशी बसून, एकमेकांना विचारून काम केलं पाहिजे. दुसरी अट वाचून साहेबांना इतका आनंद झाला की ते त्याच दिवशी नवे कप घेऊन आले. कप अजून तसेच कोरे होते. ठेकेदार फोनवर "निघालोच" म्हणायचा आणि निघायचा नाही. प्लंबर फोन उचलायचाच नाही. इंजिनिअर बाई कळवायच्या, "आकडे पाठवलेत. भेटून वेगळं काय बोलणार? जे आहे ते आहे."

खरं सांगायचं तर साहेबांना कामाचं बोलायचं नसायचं, नुसतंच बोलायचं असायचं. बायको गेल्यापासून घरात रेडिओखेरीज कुणी बोलत नव्हतं. मुलगी दूर परगावी. तिचा फोन रविवारी यायचा, तोही नातवाची शिकवणी आणि जेवण यांच्यामधल्या फटीत. घर साहेबांनी स्वतः डिझाइन केलेलं, हवेशीर, उजेडाचं. आता त्यात हवा आणि उजेड तेवढे राहत होते, आणि साहेब.

तर पाळणाघराला नवं लाकूड वापरायचं नाही, असं ठरलं होतं. पाडायला काढलेल्या इमारतींची दारं-खिडक्या आणून तीच बसवायची. कुठली उचलायची हे कळावं म्हणून साहेब त्यांवर हिरव्या खडूनं बरोबरची खूण करायचे. ठेकेदाराच्या माणसांना एवढंच सांगून ठेवलेलं, की खूण दिसली की उचला, प्रश्न विचारू नका. साहेबांच्या अंगणातही दोन जुन्या खिडक्या पडून होत्या. "आमच्याकडून आजच घेऊन जा, हिरवी खूण करून ठेवतो," असं त्यांनी ठेकेदाराला कळवलं आणि सकाळी घराबाहेर पडताना खुणा केल्या. खडू नवा होता. नीट उमटतोय का, हे बघायला त्यांनी आधी जवळ जे होतं त्यावर एक खूण ओढून पाहिली होती. जवळ होतं घराचं पुढचं दार.

दुपारी साइटवर एका चौकटीत दार बसलेलं दिसलं तेव्हा साहेब हरखून गेले. सुतारानं रंग खरवडून, रंधा मारून लाकूड उघडं केलं होतं. चौकटीला जरा उंच होत होतं म्हणून खालून दोन बोटं कापलंही होतं.

"वा! असं लाकूड आता बघायला मिळत नाही," साहेब दारावरून हात फिरवत म्हणाले. "ज्याचं होतं त्यानं जपून वापरलंय. बिजागऱ्या बघा, जराही झिजलेल्या नाहीत. या दारातून फारशी ये-जा नसावी."

"माणूसघाणा असेल कुणी," सुतार म्हणाला.

"असेल बिचारा," साहेब म्हणाले आणि घरी आले. घराला दार नव्हतं.

चौकटीत उभं राहून त्यांना दुपारचं आपलंच वाक्य आठवलं. मग त्यांनी ठेकेदाराला फोन लावला. आश्चर्य म्हणजे, ठेकेदार या खेपेला "निघालोच" म्हणाला आणि खरोखर आला. पाठोपाठ सुतार आला. दार ज्या चौकटीत बसलं तिचं माप इंजिनिअर बाईंचं, म्हणून त्याही आल्या. प्लंबरचा दाराशी काडीचा संबंध नव्हता, पण तोही गंमत बघायला आला.

"माझी माणसं खूण बघतात, घर बघत नाहीत," ठेकेदारानं हात वर केले. "खूण कुणाची? तुमची!"

"पण अख्खं दार उचकटताना त्यांना काही वाटलं नाही?"

"वाटलं ना. म्हणाले, साहेबांचं मन मोठं आहे."

"ते दार काढून परत बसवा," प्लंबर म्हणाला.

"खालून कापलंय," बाई म्हणाल्या. "परत लावलं तर खालून मांजर जाईल. जे आहे ते आहे."

नवं दार होईपर्यंत साहेबांनी चादर टांगली. पण चादर लावून घर सोडून जाणार कसं? साहेब साइटवर जाऊ शकत नव्हते आणि साहेबांच्या सहीशिवाय साइटवरचं पान हलत नव्हतं. नाइलाजानं सगळी साइट साहेबांच्या घरी येऊ लागली. आधी ठेकेदार सहीपुरता, उंबऱ्यावरूनच. मग बेल नाही, कडी नाही, चादर सारली की आत, हे अंगवळणी पडलं आणि माणसं टेकू लागली. नवे कप साइटवरून घरी आले. प्लंबरनं न विचारता मोरीचा गळका नळ दुरुस्त केला. त्याच टेबलाशी एकदा बाईंनी आणि प्लंबरनं आपापले नकाशे शेजारी शेजारी पसरले तेव्हा उघड झालं, की याचा पाइप नेमका त्यांच्या तुळईच्या पोटातून जातोय.

"हे आधी का नाही सांगितलंत?" बाई कडाडल्या.

"आधी भेटलात कुठं?" प्लंबर म्हणाला.

त्या दिवशी भांडण संध्याकाळपर्यंत रंगलं. साहेब कधी इतके सुखात नव्हते.

ठेकेदारानं पाठवलेलं पहिलं दार आलं तेव्हा त्यांनी ते नाकावर चष्मा चढवून पाहिलं. "नवं लाकूड? आपल्या तत्त्वात बसत नाही." दुसऱ्याच्या रंगाला विषारी वास येत होता. तिसरं चांगलं होतं, पण फार लांबून आलं होतं. "तेवढ्या धुराचं काय?" असं विचारून साहेबांनी ट्रक आल्या पावली परत धाडला. पर्यावरणाची एवढी काळजी घेणारा माणूस आपण पाहिला नाही, असं ठेकेदार ज्याला त्याला सांगत सुटला.

शेवटी सुतार इरेला पेटला. साइटवरच्याच, स्लॅबखाली आधाराला लावलेल्या सेंट्रिंगच्या टाकाऊ फळ्या जोडून, पाण्यात कालवायचा रंग देऊन, साहेबांच्या अंगणातच बसून त्यानं दार केलं. बाईंनी माप घेतलं. "एक मिलिमीटरचाही फरक नाही. खोट काढून दाखवा."

साहेबांनी दोनदा बघितलं, वास घेतला, बोटानं टकटक केली. खोट नव्हती. "लावा," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज इतका पडला की ठेकेदारानं पाणी आणू का विचारलं.

दार लागलं. आतून कसं दिसतं ते बघतो म्हणून साहेब आत गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं. खटका छान आवाज करून बसला. त्याबरोबर घर पहिल्यासारखं झालं. टेबलावर सगळ्यांचे अर्धवट प्यालेले कप होते आणि त्या कपांपाशी कुणी नव्हतं. साहेबांना अगदी पोरकं वाटलं. बाहेर बोलणं चाललं होतं.

"चला, सुटलो. आता पूर्वीसारखं फोनवरच भागवू," हा ठेकेदार.

"भेटायचं कारणच नाही आता," या बाई.

सगळे फाटकापाशी पोचले तेव्हा आतून आवाज आला, "अहो! दार उघडत नाहीये!"

सगळे मागे फिरले. सुतार चवताळला. "माझं दार? अडकलं? शक्यच नाही! खटका डावीकडं फिरवा!"

"फिरवला."

"उजवीकडं?"

"तेही करून बघितलं."

"किल्ली?" ठेकेदारानं विचारलं.

"सापडत नाहीये."

"तुझ्या फळ्या फुगल्या," ठेकेदार सुताराला म्हणाला.

"तुमची चौकट वाकडी!"

"चौकट मी तपासली आहे," बाईंनी दोघांनाही गप्प केलं. मग दाराला तोंड लावून त्यांनी विचारलं, "साहेब, आत दुसरं कुणी आहे का? दोघांनी मिळून ओढून बघा."

आतून खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"नाही हो," साहेब म्हणाले. "आत कुणी नसतं."

बाईंनी खिडकीकडं बघितलं. उजेड-वाऱ्याच्या हौसेपायी साहेबांनी खिडक्यांना गज लावले नव्हते. झटकन चढून जाईल असा चपळ देह तिथं एकट्या बाईंचाच होता. त्यांनी चपला काढल्या, ओढणी कमरेला खोचली, सुताराच्या पेटीवर पाय दिला आणि खिडकीतून आत उडी घेतली.

साहेब दाराजवळ खुर्ची ओढून, हात मांडीवर ठेवून बसले होते. बाईंनी खटक्याला बोट लावलं. लोण्यातून सुरी फिरावी तसा तो फिरला आणि दार केसभर उघडलं. बाईंनी साहेबांकडं बघितलं. साहेब फरशीकडं बघत होते, आणि त्यांचे कान लालबुंद झाले होते.

आयुष्यात कुणासाठी एक मिलिमीटर इकडचा तिकडं न केलेल्या बाईंनी दार अलगद पुन्हा लावून घेतलं.

"अडकलंय!" त्या बाहेरच्यांना ओरडून म्हणाल्या. "चांगलंच अडकलंय! या, खिडकीतून या सगळे. वेळ लागणार आहे."