सहा फूट बाय चार फूट

माणसाला स्वतःचं घर असावं, आणि ते झालं की त्यातून पळून जायची स्वतःची सोयही असावी, हे प्रगत समाजाचं लक्षण आहे. चष्मेवाला आणि त्याची ग्रंथपाल बायको हे तसं प्रगतच जोडपं. लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती आणि घरात दिवसाकाठी सरासरी अकरा वाक्यं बोलली जात. (पैकी चार गॅसविषयी, तीन पाण्याच्या मोटरविषयी, उरलेली "काय?" आणि "काही नाही.")

एका रविवारी बायकोने मोबाइल त्याच्या नाकासमोर धरला. "अहो, हे बघा. गाडीमागे जोडायची इवलीशी खोली, ट्रेलर म्हणतात. दोघांनी स्वतः बांधलीय!"

"मग आपल्याला काय धाड भरलीय?" चष्मेवाला म्हणाला. त्याने आयुष्यात ठोकलेला एकमेव खिळा शेजाऱ्यांच्या भिंतीतून बाहेर निघाला होता. पण उत्साहाला अनुभवाची अट नसते.

"ट्रेलर? मग पिक्चर कधी?" असं त्याच्या बहिणीने फोनवर विचारलं. तिच्याकडे दुर्लक्ष करून काम सुरू झालं. गादीच्या रुंदीवरून नऊ दिवस खडाजंगी झाली. बायको झोपेत तिरकी होते, हे त्यात प्रथमच उघडकीस आलं. खिडकी तिच्याच बाजूला हवी होती, कारण पाच भावंडांत तिला कधीच खिडकी मिळाली नव्हती. हेही चष्मेवाल्याला नवीनच. वाक्यांची सरासरी दोनशे चौदावर गेली. (भांडणं धरून. ती का धरू नयेत?)

चौदा महिने असे सुखात गेले. आणि मग, कुणाचीही चूक नसताना, ट्रेलर पूर्ण झाला.

तो घेऊन दोघं तळ्याकाठी गेली. आत बसली.

"छान झालाय."

"हो ना."

त्यानंतर सतरा मिनिटं कोणी बोललं नाही. घरातली शांतता निदान तीन खोल्यांत पसरलेली असायची. इथे ती सहा बाय चारमध्ये कोंबून भरली होती.

बायको पाणी आणायला गेली. त्याने पाना-पेचकस काढला आणि दाराच्या बिजागरीचे दोन स्क्रू सैल केले.

"अहो, दार लोंबतंय!" परत येताच ती ओरडली. "मी तेव्हाच म्हणत होते, पितळी बिजागऱ्या घ्या!"

"आणि मी काय म्हणत होतो? दार जड होतंय!"

संध्याकाळ मोठी बहारीची गेली. गादीवरच्या फळीचे चार स्क्रू कसे काय नाहीसे झाले, यावर तर दोघांनी मिळून तीन शक्यता तपासल्या. नंतर किल्ली शोधताना ते चारही स्क्रू त्याला बायकोच्या पर्समध्ये, रुमालात नीट बांधलेले सापडले. त्याने गाठ होती तशी मारून ठेवली आणि विचारलं, "चौथी शक्यता काय असेल गं?"

तुम्ही हसलात, ते ठीकच. तुमच्या घरात फळ्या सरळ आहेत, दारं वाजत नाहीत, सगळं कसं घट्ट बसलेलं आहे. अभिनंदन. फक्त शेजारी बसलेल्या माणसाला एकदा विचारून बघा, खिडकी कोणत्या बाजूला हवी. (आधी "काय?" येईल. मग तुम्ही "काही नाही" म्हणाल.)