जिनच्या रस्त्यावरची बोंब

"रस्ता बदली टाक," ताटावरून मान वर न करता चिंधा आबा म्हणाले, "नही ते नोकरी सोड. संक्रांतलगून इचार कर."

प्रमिलाबाईंनी सासऱ्यांच्या ताटात भाकरी वाढली. वाढली म्हणजे आपटलीच. डोक्यावरचा पदर जागेवर होता, आवाजही खालचाच होता. पण त्या भाकरीचा आवाज घरभर झाला.

"आबा, पिशवी तो ओढतो आणि रस्ता मी बदलू?"

"कुत्रं भुकस ते आपन वाट सोडतस. कुत्राशी भांडतस का?"

हा "कुत्रा" म्हणजे मगन. कापसाची सरकी काढणाऱ्या जिनच्या ठेकेदाराचा भाचा. प्रमिलाबाई अमळनेरच्या पंचायत समितीत टंकलेखनाचं काम करत. संध्याकाळी घरी येताना त्या जिनच्या वळणावर पोचल्या, की हा मागून सायकलवर यायचा, खांद्यावरची पिशवी हिसडायचा आणि दात काढत निघून जायचा. तीन वेळा डबा रस्त्यात पडला. एकदा तर झाकण घरंगळत थेट पानाच्या टपरीखाली गेलं. ते काढायला प्रमिलाबाई वाकल्या, तेव्हा टपरीवरची चार माणसं पोट धरून हसत होती. तो राग महिनाभर झाला तरी उतरला नव्हता. पोलीस चौकीत गेल्या, तर तिथल्या हवालदारानंही विचारलं, "बाई, दुसरा रस्ता नाही का?"

दुसरा रस्ता होता. स्टेशनकडून. पंधरा मिनिटांऐवजी पाऊण तास.

त्याच रविवारी त्या हिलाल सरांच्या वर्गाला जाऊन बसल्या. सर पलटणीतून निवृत्त झालेले. मुलींच्या शाळेच्या मैदानावर ते बायकांना फुकट शिकवत. "कराटे-बिराटे काही नाही," ते पहिल्याच दिवशी म्हणाले. "वीट फोडायची नाही, हवेत उडायचं नाही. बाजारात, बसस्टँडवर, गल्लीत जे होतं, तेवढ्यापुरतंच शिकायचं. पिशवी भिंतीच्या बाजूला. कोणी मागून धरलं तर कोपर बरगडीत, टाच पायाच्या पंजावर. आणि ओरडायचं. ओरडा बरं!"

अकरा बायकांनी पदर तोंडाला लावला. मैदानातून चिमण्या बोलाव्यात तसा आवाज आला.

"हे काय? घरात पोरांवर ओरडता तेव्हा हा आवाज कुठं जातो?"

"सर, पोरं आपली असतात," एकजण म्हणाली.

सर हसले नाहीत. "आणि एक ध्यानात ठेवा. 'वाचवा' म्हणून ओरडायचं नाही. बाई 'वाचवा' म्हणाली, की लोक खिडकी लावून घेतात. 'आग' म्हणायचं. आग म्हटलं की दारं उघडतात. मी मोठमोठ्या शहरांत पाहिलंय."

सरांनी मोठमोठी शहरं पाहिली होती हे खरं. पण नोकरी सगळी पंजाबात गेल्यामुळे कापसाच्या हंगामातलं अमळनेर त्यांनी वीस वर्षांत पाहिलं नव्हतं. आणि ज्या अकरा जणींनी पाहिलं होतं, त्या वहीत लिहून घेण्यात गुंतल्या होत्या.

प्रमिलाबाईंनी घरी सराव सुरू केला. नवरा, भिकन, दुधाचं पातेलं घेऊन मागून आला आणि बरगडी धरून खाली बसला. दूध चुलीत गेलं.

"मी तुझा नवरा आहे ना!"

"मागून आलात," प्रमिलाबाई म्हणाल्या. त्यांनी माफी मागितली नाही.

महिनाभरात हंगाम ऐन भरात आला. जिनच्या दारापासून वळणापर्यंत कापसाच्या बैलगाड्यांची रांग लागली. तीन-तीन दिवस नंबर लागत नसे. गाडीवान तिथेच तीन दगडांची चूल मांडून भाकरी थापत. चिंधा आबांची गाडीही रांगेत होती, पस्तिसावी. आबा दिवसभर वळणाकडे पाठ करून गाडीखाली सावलीत बसून असत आणि आपला कापूस कसा पांढरा आणि कसा कोरडा आहे, हे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. ओल्या कापसाला प्रत ठरवणारा ग्रेडर हात लावत नाही. गाडी परत फिरवतो, नंबरही जातो.

त्या संध्याकाळी प्रमिलाबाई वळणावर आल्या. पिशवी रांगेच्या बाजूला, टाच तयार. मागून सायकलची घंटी वाजली आणि पिशवीला हिसका बसला. पण या वेळी पिशवी सुटली नाही. प्रमिलाबाईंनी कोपर हाणलं, ते हँडलला लागलं. टाच मारली, ती पायावर न बसता चाकात गेली आणि चप्पल तारांत अडकली. मगन सायकलसकट आडवा झाला. त्याच्या शर्टाची कॉलर प्रमिलाबाईंच्या मुठीत आली. आता उरला शेवटचा धडा. छातीत होता नव्हता तेवढा श्वास भरून, महिनोन्‌महिने गिळलेला राग एकदम बाहेर काढून त्या ओरडल्या,

"आग! आग! आग!"

रांगेतले गाडीवान ताडकन उठले. मग जिनचा भोंगा सुरू झाला.

"आग लागनी रे!"

"कोठे? कोठे लागनी?"

"तठे दख, धुव्वा निघी राहिना!"

धूर निघत होता तो झुलाल गाडीवानाच्या चुलीतून. त्यावर वांगं भाजत होतं. पण ते पाहायला वेळ कुणाला? बैल सुटले, हमाल बादल्या घेऊन धावले, समोरच्या चाळीतल्या बाया हंडे घेऊन आल्या, जिनमधून पाण्याची नळी ओढत चौघे आले आणि सगळं पाणी चुलीशेजारच्या गाडीवर पडलं. ती गाडी पस्तिसावी होती.

भोंगा बंद झाला तेव्हा वांगं विझलं होतं. पांढऱ्याशुभ्र ढिगातून पाणी ठिबकत होतं आणि आबा गाडीच्या चाकाला धरून उभे होते.

"मना कापूस! बठ्ठा वला करी टाका! आग कोठे शे? बोंब कोनी मारी?"

रांगेतली शंभर माणसं गोळा झाली. हातात काठ्या होत्या. जो तो एकमेकाकडे बघू लागला. प्रमिलाबाईंच्या पायात एकच चप्पल होती आणि मुठीत अजून कॉलर. गुपचूप निघून गेल्या असत्या, तर कुणाला कळलंही नसतं. पण मग उद्यापासून स्टेशनचा रस्ता.

"मी मारली, आबा."

"तू? कसाले?"

"यानं पिशवी ओढली. रोज ओढतो."

"मंग आग कसाले म्हननी? 'वाचाडा' म्हनानं ना!"

सासऱ्यांसमोर प्रमिलाबाईंचा आवाज आयुष्यात पहिल्यांदा चढला. "'वाचवा' म्हटलं असतं, तर कोण आलं असतं? सांगा ना! इथं शंभर माणसं उभी आहेत. एक तरी आला असता का?"

शेवटी झुलालनं विझलेलं वांगं खाली ठेवलं.

"खरं सांगू का आबा? कोनीच नही. आम्ही तीन दिनपासून दखी राहिनूत."

"काय दखी राहिनात?"

"हाऊ रोज बाईनी पिशवी वढस, ते."

आबांनी मगनकडे पाहिलं. मग ठिबकणाऱ्या कापसाकडे. मग पुन्हा मगनकडे. इतके दिवस जे डोक्यात शिरलं नव्हतं, ते आता पाण्याबरोबर भरभर आत शिरलं. त्यांनी पायातला जोडा काढला.

"म्हंजे मना कापूस यानी वला करा!"

"धरा त्याले!" शंभर माणसं ओरडली.

बाईच्या पिशवीसाठी ज्यांची काठी उचलली गेली नव्हती, ते कापसासाठी असे पेटले की मगन आपणहून प्रमिलाबाईंच्या मागे लपला. "बाई, वाचवा!" तो म्हणाला.

प्रमिलाबाई बाजूला झाल्या.

पण हाणामारी झाली नाही. रांगेचा न्याय रांगेनंच केला. आबांचा नंबर राखून ठेवायचा आणि कापूस वाळेपर्यंत तो रस्त्याकडेला ताडपत्रीवर पसरून उलटायचं काम मगननं करायचं. त्याची सायकल झुलालनं गाडीच्या चाकाला साखळीनं बांधली. मामा ठेकेदार तावातावानं आला, काठ्या मोजून "पोराला शिस्त हवीच" म्हणाला आणि परत गेला.

दुसरा दिवस सुटीचा होता. प्रमिलाबाई दुपारी आबांचं जेवण घेऊन आल्या. मगन उन्हात गुडघ्यांवर बसून कापूस उलटत होता. आबा हातात काठी घेऊन बसले होते.

"ती भाकर मी घर ली जास," आबा उठत म्हणाले. "मी घरच जेवी येस, जरासा लवंडस बी. तू बठ आठे कापूसजोडे."

"एकटी बसू, आबा? या रस्त्यावर?"

"मंग! तू शे ते कोनी हात लावाव नही."

आबा निघूनही गेले. हसावं की चिडावं, हे प्रमिलाबाईंना काही केल्या ठरवता येईना. शेवटी त्यांनी चिडायचंच ठरवलं. काठी मांडीवर आडवी घेतली, पदर खोचला आणि ओरडल्या,

"ए मगन, तिकडचा ढीग कोण उलटणार? मी?"