दोन शपथा आणि एक ताट

"आजपासून भाताचा एक घास जरी माझ्या घशाखाली उतरला, तर बायकोला तलाक!"

करक गावच्या मुफलेहने भर बैठकीत जाहीर केलं. वजन एकशे एकवीस किलो. दहा उतरवल्याशिवाय गुडघ्याचं ऑपरेशन करणार नाही, असं डॉक्टरने बजावलं होतं.

"गुडघे तुमचे, भात तुमचा, आणि तलाक मला?" आतून जवाहिर म्हणाली. नवऱ्याला जिन्यावर ओढून ओढून तिची कंबर गेली होती. पण तिला विचारतो कोण?

तीन दिवस मुफलेहने काकड्या चावल्या. चौथ्या दिवशी शुक्रवार, म्हणजे अवादकडे जेवण. अवाद हा जवाहिरचा भाऊ आणि अवादची बायको वदहा ही मुफलेहची बहीण. साटंलोटं.

मनसफचं ताट आलं. भाताचा डोंगर, वर मटण, त्यावर आंबट दह्याचा वाफाळता रस्सा.

"मी नुसतं मटण घेतो," मुफलेह म्हणाला.

"का? माझा भात काय मेंढ्यांनी खायचा?"

"डॉक्टरने मना केलंय रे."

"डॉक्टरला जेवायला बोलावलंय का मी?"

"नको म्हटलं ना, अवाद!"

"तू हा भात खाल्ला नाहीस, तर माझ्या बायकोला तलाक!"

मुफलेहने घास घेतला, तर त्याची बायको माहेरी, म्हणजे याच घरात. नाही घेतला, तर बहीण माहेरी, म्हणजे त्याच्या घरात.

"मी कपडे बांधू की रोट्या भाजू, ते एकदा ठरवा!" स्वयंपाकघरातून वदहा ओरडली.

शेवटी इमामांना बोलावलं. त्यांनी दोघांनाही झाडलं. "एका ताटापायी दोन संसार? लाजा वाटत नाहीत? असल्या शपथेने तलाक होत नाही; मोडीत काढा त्या. दंड म्हणून प्रत्येकाने दहा गरिबांना जेवू घाला."

मुफलेहचा चेहरा उजळला. "त्याऐवजी तीन दिवस उपास केला तर? तेवढंच वजनही..."

"उपास ज्याला ऐपत नाही त्याला. तुझ्याकडे चाळीस मेंढ्या आहेत," इमाम म्हणाले आणि बाह्या सारून ताटावर बसले.

मुफलेहने भाताकडे पाहिलं. शपथ तर मोडीत निघालीच होती. मग त्याने डोंगराची आपल्याकडची बाजू सपाट केली.

घरी जिन्याच्या पाचव्या पायरीवर, जवाहिरच्या खांद्यावर भार टाकून, त्याने धापा टाकत हात वर केला. "उद्यापासून मी..."

"उद्या दहा माणसं जेवायला आहेत," जवाहिर म्हणाली. "माळ्यावरचं मोठं पातेलं तेवढं काढून द्या. तोंड न उघडता."