गुरुजींना एकटे सोडू नका

त्र्याऐंशी सालच्या दिवाळीत मध्य प्रदेशातल्या सौंसरच्या सुधाकर गुरुजींना एक दुपारभर गप्प बसायचे होते. मागणी एवढीच होती. तिला खर्च नव्हता, आणि तिच्यासाठी कोणाची परवानगी लागेल असे गुरुजींच्या स्वप्नातही आले नव्हते. तिथेच ते फसले.

त्या ज्येष्ठात त्यांचे वडील रामाजी वारले. रामाजी हा कमी बोलणारा माणूस. संत्र्याच्या बागेतून परतले की ओट्यावर बसत, बिडी पेटवत. गुरुजी शाळेतून आले की शेजारी टेकत. बापलेकांत तास-तासभर शब्द होत नसे. अंधार पडला की रामाजी म्हणत, "चाल, जेवाची वेळ झाली." दिवसाचे संभाषण तेवढेच. ते गेले, तेरवी झाली, शाळा उघडली, सहामाही परीक्षा झाली, आणि गुरुजींचे रडायचे राहूनच गेले. दिवाळीच्या सुट्टीत ओट्यावर एकटे बसू आणि येईल तसे रडू, असा त्यांनी बेत केला होता.

पण ज्या घरातला माणूस गेला त्या घराची पहिली दिवाळी त्या घराच्या हातात राहत नाही. तिथे कढई चढत नाही, म्हणून शेजारपाजारचे फराळ आणून देतात, घडीभर बसतात, धीर देतात. रीत मोठी मायेची आहे. मोरेश्वरभाऊ त्या गल्लीत राहत नसते तर ती तशीच राहिली असती.

मोरेश्वरभाऊ पंचायत खात्यातून निवृत्त झालेले. कमिटी नसली की त्यांना अन्न गोड लागत नसे. त्या रविवारी पेपरात त्यांनी वाचले की सणासुदीत मनाच्या आरोग्याला जपावे, दुःखी माणसाला एकटे सोडू नये. पेपरावरून नजर काढली तर समोरच्या ओट्यावर गुरुजी.

"काहून गा सुधाकर, असा काहून बसून राहिला?"

"काही नाही भाऊ. असाच."

"असाच?" मोरेश्वरभाऊंचा चेहरा उतरला. "असाच कोनी बसत नाही, बापा. तुले काहीतरी होऊन राहिलं."

संध्याकाळपर्यंत 'मनःस्वास्थ्य देखभाल समिती, सौंसर' स्थापन झाली. अध्यक्षपदी मोरेश्वरभाऊ आले. उपाध्यक्षपदासाठी थोडी भांडणे झाली, म्हणून उपाध्यक्ष दोन केले. रुग्णाच्या जागेसाठी मात्र दुसरे नावच पुढे न आल्याने सुधाकर गुरुजी बिनविरोध निवडून आले.

धनत्रयोदशीला पहाटेच पाळ्या सुरू झाल्या. नियम साधा होता: पुढचा सदस्य आल्याशिवाय आधीच्याने उठायचे नाही. प्रत्येक जण करंज्यांचा नाहीतर चिवड्याचा डबा घेऊन येई, गुरुजींचा हात हातात घेई आणि मग आपल्या जावयाचे दारूपाणी, भावाने लाटलेला बांध, मुलीचे न जमणारे लग्न असे एकेक काढी. गुरुजींनी दिवसभर लोकांचे सांत्वन केले. ज्या चुलीवर कढई चढवायची नव्हती तिच्यावरून चहाचे पातेले काही उतरेना. गुरुजींची बायको प्रेमलता धुराने पाणावलेले डोळे पुसत होती. त्याचीही अध्यक्षांनी नोंद घेतली.

"गुरुजी, रडू नका हो," एक सदस्य म्हणाले.

"मी कुठं रडून राहिलो?"

"तेच तं वाईट! रडाले पाह्यजे मानसानं. पन माह्या पाळीत नोका रडू, भाऊले जवाब मले द्या लागते."

नरकचतुर्दशीला गुरुजी संडासात जरा जास्त वेळ बसले, तर बाहेरून कडी वाजली. "गुरुजी, बोलत राहा!" लक्ष्मीपूजनाला ते हळूच मागच्या दाराने बागेकडे निघाले. दोन्ही उपाध्यक्ष बरोबर निघाले. त्यांनी गुरुजींना अजिबात एकटे सोडले नाही आणि येताना पिशवीभर संत्री आणली. त्या संध्याकाळी रामाजींच्या जागेवर एक सहसचिव मांडी घालून बसला होता. त्याला तिथे पाहून गुरुजींना राग आला. पण माणूस चकल्या घेऊन आला होता, त्याला काय बोलणार?

गुरुजींची आई देवकाबाई न राहवून म्हणाली, "त्याले जरासाक एकटं बसू द्या ना, भाऊ."

"बसू दिल्यानंच तं झालं हे सारं, काकू," मोरेश्वरभाऊ म्हणाले.

पाडव्याला समितीने परिस्थितीचा आढावा घेतला. इतकी सोबत देऊनही सदर रुग्ण दिवसेंदिवस अधिकच गप्प होत आहे, याचा अर्थ सोबत कमी पडत आहे, असे एकमताने ठरले. तेव्हा भाऊबीज उरकताच मेटॅडोर सांगून गुरुजींना जामसांवलीला मारुतीच्या दर्शनाला नेण्यात आले. उपचार गंभीर असल्याने सदस्यांच्या बायका, मुले आणि माहेरपणाला आलेल्या बहिणीही बरोबर निघाल्या. दाटीत रुग्णाला मागच्या फळीवर उभे राहावे लागले.

देवळाशी उतरल्यावर चपला कोणी सांभाळायच्या असा प्रश्न आला. गुरुजी तसेही बसूनच राहणार होते. मंडळी आत गेली. दिवाळीत पहिल्यांदाच गुरुजींच्या जवळ कोणी नव्हते. त्यांनी कळसाकडे पाहून हात जोडले, डोळ्यांत पाणी उभे राहिले, आणि एवढ्यात पांढुर्ण्याचा एक अनोळखी गृहस्थ शेजारी येऊन टेकला.

"उदास दिसून राहिले भाऊ? तबियत बरी हाय ना?" असे विचारून त्याने आपल्या साळ्याची हकिगत सांगायला घेतली. मंडळी प्रसाद घेऊन परतली तेव्हा हकिगतीत साळ्याचे नुकते लग्न ठरले होते.

दुसऱ्या दिवशी देवकाबाईने लेकाला बाजूला घेतले. "कचेरी खुलली. बाबाच्या वावरावर तुह्यं नाव चढवाचं राह्यलं. जा, तहसीलीत जाऊन ये."

कामच सरकारी, तेव्हा अध्यक्षांना परवानगी द्यावी लागली. बरोबर कोण जाणार असे त्यांनी विचारले. गुरुजींसाठी पहाटे उठणारे, अर्धा जिल्हा हिंडायला तयार असणारे ते सदस्य सगळे खाली बघू लागले. तहसीलीची पाळी घ्यायला एकही जण तयार झाला नाही.

"साहब दौरे पर हैं। बैठिए," बाबूने मान वर न करता सांगितले.

गुरुजी व्हरांड्यातल्या बाकावर बसले. तास गेला. काय झाले, असे का बसलात, तब्येत कशी आहे, कोणीही विचारले नाही. माणसाच्या सुखदुःखाची चौकशी करण्याची त्या इमारतीत तरतूदच नव्हती. मोहगावचा हिरामण नावाचा म्हातारा बाकावर होता. त्याने आपली पिशवी जरा ओढून घेतली, बिडी पेटवली आणि समोर बघत राहिला. बिडीचा वास आला. गुरुजींचा बांध फुटला. ते खांदे हलवून, नाक पुसत, मनसोक्त रडले. चपराशी पाय वाचवून पलीकडे गेला. कोणालाच नवल वाटले नाही, कारण त्या बाकावर माणसे रडतातच.

कचेरी बंद व्हायला आली तेव्हा हिरामणने बिडी विझवली. "चाला बापा," तो म्हणाला, "जेवाची वेळ झाली."

गुरुजी उठून बाबूसमोर गेले. "काम को कितने दिन लगेंगे?"

"कह नहीं सकते।"

"बहुत अच्छा. कोई जल्दी नहीं है," गुरुजी म्हणाले. बाबूने त्या दिवशी पहिल्यांदाच मान वर करून एका माणसाचा चेहरा पाहिला.

गुरुजी हलके होऊन घरी आले, पोटभर जेवले, हसलेसुद्धा. मोरेश्वरभाऊंनी लगेच सभा बोलावून स्वतःच्या अभिनंदनाचा ठराव मांडला. गुरुजी पुढे सुट्टीभर रोज तहसीलीत जाऊन बसत आणि आपले काम होऊ नये म्हणून मारुतीला साकडे घालत. इकडे समितीचे काम मात्र वाढले. गप्प बसणारी माणसे घरोघर जाऊन वेळीच हुडकून काढायची असे ठरले, आणि पांढुर्ण्याहूनही मार्गदर्शनासाठी बोलावणी आली. पुढे समिती इतकी पसरली की तिला नावाची आणि अध्यक्षाची गरजच उरली नाही.

आता तुमचेच बघा. बराच वेळ झाला, तुम्ही एका जागी बसून आहात. तोंडातून शब्द नाही, चेहराही जरा ओढल्यासारखा. मघाशी घरातले कोणीतरी दारातून डोकावून गेले, आणि आता बाहेर चपला काढल्याचा आवाज येतो आहे. तुम्ही सांगाल, मी असाच बसलो आहे.

गुरुजींनीही तेच सांगितले होते.