पार्सलवाल्यांची पक्की बांधणी

या, श्रोतेहो, जरा पुढे सरकून बसा. गोष्ट लहानशीच आहे: एका सज्जन माणसाच्या काळजीची, आणि देवाने केलेल्या त्या काळजीच्या थट्टेची.

पोस्टात पार्सलं बांधणारे एक गृहस्थ होते. वीस वर्षांत त्यांचं एकही पार्सल वाटेत सुटलं नव्हतं. त्यांच्या मुलीची, चिमीची, रविवारी सकाळी आठला सायकल-शर्यत होती. गेल्या वर्षी ऐन शर्यतीच्या दिवशी तिला ताप भरला होता, त्यामुळे पोर वर्षभर या एका सकाळीकडे डोळे लावून बसली होती. "मी तुला वेळेवर पोचवणार," असा शब्द वडिलांनी दिला होता. शर्यतीनंतर आजोबांसकट घरातल्या चौघांनी तळ्याभोवती फेरी मारायचं ठरलं आणि गाडीवर न्यायच्या सायकली झाल्या चार.

चार दिवस घरात दुसरा विषय नव्हता. टपावर न्याव्यात, तर मैदानाच्या कमानीला अडकतील. पार्सलवाल्यांनी टेपने गाडी तीनदा मोजली आणि तिन्ही वेळा आकडा वेगळा आला. आत घालाव्यात, तर आपण कुठे बसायचं, असं बायकोने विचारलं. शेवटी मेहुण्याकडून मागच्या दाराला लावायचा स्टँड आणला. त्यावर तीनच मावत होत्या.

"माझी राहू दे," आजोबा म्हणाले. "मी चालवतच येतो."

"बाबा, नऊ किलोमीटर आहे," पार्सलवाले आपल्या वडिलांना म्हणाले.

"असेना. मला ते मोजायचं नाहीये, नुसतं यायचंय."

रविवारी पार्सलवाल्यांनी आधी सामान भरलं, मागचं दार लावलं, स्टँड चढवला आणि सायकली नायलॉनच्या दोरीने आवळल्या. चिमीने गाठी मोजल्या, बावीस भरल्या. तरी त्यांच्या जिवाला चैन पडेना, म्हणून तिन्ही सायकलींतून आणि गाडीच्या मागच्या हुकातून लोखंडी साखळी ओवून वर खटक्याचं कुलूप दाबलं.

निघाल्यावर प्रत्येक किलोमीटरला गाडी थांबली. पार्सलवाले उतरत, सायकली हलवून बघत, पुन्हा बसत. पहिल्या थांब्यावर आजोबा घंटी वाजवत पुढे गेले. मग गाडीने त्यांना गाठलं. दुसऱ्या थांब्यावर ते परत पुढे गेले. चौथ्यानंतर गाडीने त्यांना गाठलंच नाही. चिमी घरापासून हेल्मेट घालून बसली होती. तिने घड्याळाकडे बघणं सोडून दिलं.

मैदानावर पोचले तेव्हा आठाला दहा मिनिटं कमी होती. गाठी हाताने सुटेनात. पंचांना दया आली, त्यांनी खिशातला चाकू काढून बावीसही गाठी कापल्या. राहिली साखळी.

"चावी?" बायकोने विचारलं.

पार्सलवाल्यांचा चेहरा उतरला. हरवू नये म्हणून त्यांनी चावी गाडीत सर्वांत खाली, स्टेपनीच्या खोबणीत ठेवली होती. खोबणीचं झाकण मागचं दार उघडल्याशिवाय निघत नव्हतं. दार सायकली काढल्याशिवाय उघडत नव्हतं. आणि सायकलींना कुलूप होतं. सीटवरून आत शिरून त्यांनी झाकण ओढून पाहिलं, ते ढिम्म हललं नाही.

"बाबा, राहू दे," चिमी हळूच म्हणाली. तिचा आवाज ऐकून त्यांना कुठे तोंड लपवावं कळेना.

तेवढ्यात मागे घंटी वाजली. आजोबा झाडाखाली बसून केव्हाचे वाट बघत होते. त्यांनी खिशातून पाना काढला, आपल्या सायकलीची सीट खाली केली आणि हँडल नातीच्या हातात दिलं.

"जड आहे जरा. पण सुटी आहे."

चिमी त्या काळ्या धुडावर घंटी वाजवत पाच किलोमीटर पळाली. शेवटून दुसरी आली आणि पहिल्या नंबराच्या मुलीपेक्षा जास्त हसत आली. पार्सलवाले काठावर उभे राहून डोळे पुसत होते. आजोबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "बांधलंस मात्र उत्तम," ते म्हणाले. "एकही पडली नाही."

किल्लीवाला मंगळवारी मिळाला. तोवर पार्सलवाले तीन सायकली मागे लटकवूनच कामावर गेले, आणि पोस्टाच्या रांगेतले लोक त्यांना तासाचं भाडं विचारत राहिले.

तेव्हा मंडळी, एवढीच विनंती. मायेपोटी काही फार घट्ट बांधायला बसाल, तेव्हा शेवटची गाठ मारण्याआधी झाडाखाली थांबलेल्या त्या आजोबांना एकदा आठवा.