डॅलस, वॉशिंग्टन आणि चंद्रहासचा तिळगूळ

चंद्रहास केळकरचा ठाम सिद्धांत होता, की जगातलं कुठलंही भांडण मिटतं, फक्त मधे मराठी माणूस हवा! रुसलेला जावई आणि अडून बसलेले व्याही त्यानं एका पंगतीला जेववले होते. दोन अमेरिकन साहेब म्हणजे काय मोठं!

आखातातल्या अहमदी गावी एका तेलकंपनीच्या ऑफिसात तो ड्राफ्ट्समन होता. डोक्यावर दोन साहेब. हँक डॅलसचा, डग वॉशिंग्टनचा. दोघांच्या गावच्या फुटबॉल टीमचं हाडवैर. त्यांचा फुटबॉल म्हणजे एकानं चेंडू पोटाशी धरून पळायचं आणि बाकीच्यांनी त्याच्यावर भिंतीसारखं कोसळायचं!

सकाळी आल्या आल्या हँक ओरडे, "तुमच्या पोरांना चेंडू दिसत नाही. चष्मे वाटा!"

"तुमच्या पोरांना दिसतो, पण घाबरतात त्याला!" डग उलटून म्हणे.

चंद्रहास थक्क होऊन ऐके. सातासमुद्रापार, वाळवंटात, टक्कल पडलेली दोन माणसं कुणा परक्या पोरांसाठी एकमेकांच्या नरडीला झोंबत होती. केवढी ही निष्ठा!

पण जानेवारीअखेर त्याचं कंत्राट संपत होतं. ते वाढवायला दोघांचं एकमत हवं होतं. आणि घड्याळात किती वाजले यावरही दोघांचं एकमत नसे!

"संक्रांतीला जेवायलाच बोलावतो," त्यानं बायकोला, नीलाला सांगितलं.

दोघं आले, गुळपोळ्या चेपल्या. चंद्रहासनं त्यांना एकमेकांच्या हातात तिळगूळ द्यायला लावला आणि पुरोहिताच्या गांभीर्यानं म्हणाला, "सर, आमच्यात हा खाल्ला की वर्षभर गोडच बोलायचं असतं."

दोघांनी टोप्या काढल्या. राष्ट्रगीताला उभं राहावं तसे उभे राहून लाडू चावले.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात हँकनं डगला चक्क पूर्ण नावानं हाक मारली, "सुप्रभात, मिस्टर डग्लस."

"आपला दिवस शुभ जावो, मिस्टर हेन्री." डगनंही हँकचं कागदावरचं नाव काढलं.

संपलं! पुढे शब्द नाही. चार दिवसांत ऑफिसला सुतकी कळा आली. डग एकटाच जेवू लागला. हँकनं बदली मागितली. आणि चंद्रहासच्या कंत्राटाची फाइल भलत्या अदबीनं दोन टेबलांमध्ये येरझाऱ्या घालू लागली.

"आधी आपण ठरवा."

"छे छे, आधी आपण!"

नीलानं कपाळावर हात मारला. "अहो, ते भांडत नव्हते, बोलत होते! माझ्या दोन्ही मावश्या जन्मभर तशाच बोलल्या. आता जा, नि लावून द्या पुन्हा!"

चंद्रहास दोघांसमोर उभा राहिला. "हँक सर, यंदा म्हणे तुमची टीम सोळांत एकच सामना जिंकली? आमच्या गल्लीतली पोरंसुद्धा..."

हँक टोमॅटोसारखा लाल झाला. चंद्रहासला परतीचं विमान दिसू लागलं.

"एकच!" हँक गरजला. "पण कुणाविरुद्ध? विचार त्याला, कुणाविरुद्ध!"

डग वांग्याच्या रंगाचा झाला. "पंच आंधळे होते!"

"आंधळा तुझा आजा!"

दोघांचे डोळे आनंदानं भरून आले. चंद्रहासला आत्ता उमगलं. बाकीचे सगळे पराभव हँकनं वॉशिंग्टनवरचा तो एक विजय तोंडी लावून पचवले होते!

"या माणसाला सोडायचं नाही," डग म्हणाला.

"आयुष्यात पहिल्यांदा बरोबर बोललास, गाढवा!"

संध्याकाळी नीलानं दारातच विचारलं, "झालं का?"

"दोन वर्षांचं झालं."

"मग तोंड का असं?"

"शुक्रवारी दोघं आपल्याकडे येताहेत. त्या सामन्याची कॅसेट घेऊन. तीन तास!"

"अगंबाई! आणि डगसाहेब हो कशाला येताहेत, स्वतःचा पराभव बघायला?"

"तेच विचारलं मी," चंद्रहास हळूच म्हणाला. "तर म्हणाले, 'मी नसलो तर त्या बिचाऱ्यानं जिंकून दाखवायचं कुणाला?'"