गुरुवारी वर आलेला डोंगर

दगडाचा जन्म कधी झाला याला फारसं महत्त्व नाही. तो थंड कधी झाला, हे महत्त्वाचं. खोल, तापलेल्या जमिनीतून दगड वर सरकला की निवतो, आणि निवला की त्याच्या कणांतलं घड्याळ चालू होतं. ते वाचलं की डोंगर कधी वर आला ते कळतं. अट एवढीच, की मधल्या काळात दगडाला कोणी पुन्हा भाजू नये. ही अट भिंतीवर लिहून ठेवावी असं आजवर कोणालाच वाटलं नव्हतं.

भूशास्त्र विभागातल्या धाकट्या संशोधिकेने तीन उन्हाळे एकाच डोंगरावर घालवले होते. तिथे समुद्राचा तळ शेजारच्या जमिनीखाली नुकताच घुसू लागला होता (नुकताच म्हणजे काही लाख वर्षांपूर्वी, विभागात याला घाई म्हणतात). त्यामुळे वरची जमीन उचलली जात होती. केव्हापासून, हे तिने आणलेले दगड सांगणार होते. तिची नोकरी कायम होणार की नाही, हेही तेच सांगणार होते.

दगड वाटेत भिजले. विभागप्रमुख मनाने प्रेमळ. गुरुवारी त्यांनी ते स्वतःच्या हाताने मोठ्या भट्टीत ठेवले, आणि सुकण्यात कसर राहू नये म्हणून तापमानाचा काटा शेवटपर्यंत फिरवून घरी गेले.

निकाल आला. वय शून्य. शंभर टक्के नमुन्यांचं एकमत झालं. विभागातल्या माणसांचं असं कधीच झालेलं नाही.

"सर, घड्याळंच पुसली गेली हो," ती रडकुंडीला येऊन म्हणाली. "भट्टी तुम्ही लावली होती."

"अगं, मग ओले दगड तसेच यंत्रात घालायचे? आणि आपल्या प्रयोगशाळेचा आकडा चुकलाय का कधी?"

चुकला नव्हता. म्हणजे डोंगरच गुरुवारी वर आला, हे ओघानेच आलं. समिती बसली. एकाने होकार दिला, दुसऱ्याला डुलकी लागली होती (मान खाली आली की होकार धरतात), आणि तिसऱ्याला आठवलं, की गुरुवारी त्याच्या कपाटाचं दार आपोआप उघडलं होतं. एवढी उलथापालथ विनातक्रार सोसल्याबद्दल पायथ्याच्या रहिवाशांचे आभार मानण्यात आले.

अहवालावर तिची सही तेवढी राहिली. रागाने तिच्या अंगाचा तिळपापड झाला होता. तेवढ्यात आईचा फोन आला.

"काय गं, झालीस का कायम? मावशी सारखी विचारतेय."

तिने भाजून लाल पडलेल्या दगडांकडे पाहिलं. वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. खरं लिहिलं तरी तीन उन्हाळे वाया, न लिहिलं तरी वायाच. पण दुसऱ्या वाटेत मावशीला सांगण्यासारखं काहीतरी होतं.

"झाले गं आई," ती म्हणाली, आणि मग सही केली.

आता भट्टीची किल्ली तिच्याकडेच असते. ओले दगड आले, की ती कोणाला काही न विचारता काटा फिरवते.

इथवर हसत आलेल्या वाचकांनी आपल्या कचेरीतली भट्टी कोणी लावली होती, ते जरा आठवावं. नाव लगेच आठवलं असेल. त्या दिवशी सहीला वापरलेलं पेनही खिशातच असेल; जपून ठेवा, पुन्हा लागेल.